घडी न घालता कापायचं पान

हमीदा, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि या बारा दिवसांत मला एकही पान साधं दिसलेलं नाही. शाळेच्या वाटेवर पिंपळ आहे, कुंपणाला एरंड आहे, आवारात कडुनिंब आहे. पूर्वी मी त्यांच्याखालून सरळ निघून जात असे. आता प्रत्येक पानाची मधली शीर दिसते, तिच्या दोन बाजू दिसतात, आणि एक बाजू दुसरीसारखी नाही हे दिसतं. मान खाली घालून चालले तर गळलेल्या पानांचंही तेच. कडुनिंबाला चैत्राची तांबूस पालवी फुटली आहे. तिच्याकडे बघायचं नाही असं मी रोज ठरवते, आणि रोज एक डहाळी तोडून टेबलावर आणून ठेवते.

आपली ओळख एका तोरणामुळे झाली. डेप्युटीसाहेब मुलींची शाळा तपासायला मलकापुरात येणार होते आणि आदल्या दिवशी आंब्याचे डहाळे मिळेनात. शाळेच्या दाईनं तुझं नाव सांगितलं. मागच्या गल्लीत हमीदाबी राहते, तिचा नवरा मोहर्रमचे ताबूत बांधायचा, तो गेल्यापासून ताबुताचा सगळा कागद तीच कापते. तू आलीस, हिरवा कागद मागितलास, त्याची उभी घडी घातलीस, आणि मी हजेरीपत्रक पुरं करीपर्यंत ओसरीवर पानांचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तोरणाकडे बघून विचारलं, एवढा आंबा कुठून आणला. मी खरं ते सांगितलं. ते उठून जवळ गेले आणि बोट लावून आले.

त्याच तपासणीत साहेबांनी मला ते काम दिलं. निसर्गपाठाच्या पुस्तकासाठी पानांच्या आकारांना मराठी शब्द हवे होते. नागपूरच्या कचेरीत इंग्रजी यादी तयार होती, मराठी नव्हती. चाळीस आकार, प्रत्येकाला एक शब्द, आणि शब्दाखाली दोन ओळींचं वर्णन. माझ्या याद्या नीट असतात अशी माझी ख्याती आहे, म्हणून ते माझ्याकडे आलं. शब्द जमवणं अवघड गेलं नाही. चार दिवसांत मी चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. पण शब्द चालतो की नाही हे कोण ठरवणार? मी स्वतः ठरवलं तर मला सगळेच चालत होते, कारण लिहिताना पान माझ्यासमोर होतं.

म्हणून मी एक रीत काढली. मी पान वहीखाली झाकून ठेवायचं. झाडाचं नाव घ्यायचं नाही. चिठ्ठीवरचं वर्णन तुला वाचून दाखवायचं आणि तू ते ऐकून कागद कापायचा. कापलेला कागद पानाशी जुळला तर चिठ्ठी पास, नाही जुळला तर चिठ्ठी फाडून पुन्हा लिहायची. तुला वाचता येत नव्हतं हे सोयीचंच होतं. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर, ओसरीवर. तू खांबाला टेकून बसायचीस आणि तुझा डावा अंगठा कागदाच्या घडीवर असायचा.

पहिल्याच दिवशी मी वाचलं, अधोमुख अंडाकृती. तू अंडं कापलंस, उलटं धरलंस, सुलटं धरलंस आणि मला विचारलंस की अंड्याले तोंड कोनतं असते बाई. मी चिठ्ठी फाडली. मग हृदयाकृती आलं. त्यावर तू किती वेळ हसलीस. म्हणालीस, "दिल असं नसते बाई. बकऱ्याचं दिल म्या या हातानं धुतलं हाये. गोटोळं असते थे." आमच्या घरात बकरा कधी शिजला नव्हता. तूच सांगितलंस की खाली दोन गोल खांदे, मंधात देठाची खाच, वर निमुळतं टोक, असं म्हना ना. मी तसं लिहिलं. पुढच्या खेपेला, तेच वर्णन मधे दोन चिठ्ठ्या घालून तुला वाचून दाखवलं, आणि कागदातून पिंपळाचं पान बाहेर आलं, शेपटीसकट.

आपला वाद तिथून सुरू झाला तो शेवटपर्यंत मिटला नाही. तू म्हणायचीस, शब्द कशाला, सांगणं पुरे. मी म्हणायची, यादीत दोन ओळी मावत नाहीत, शब्दच लागतो. तू म्हणायचीस, मग यादी मोठी करा. एकदा फार ताणलं गेलं तेव्हा तूच तोड काढलीस. शब्द तुमचा ठेवा, सांगनं माह्यं ठेवा. आज त्या चिठ्ठ्या वाचते तर वरचा शब्द माझा आहे आणि खालच्या दोन ओळी जवळजवळ सगळीकडे तुझ्या आहेत. रुईच्या पानाला देठच नाही, ते खोडाला मिठी मारून बसतं, हे तुझं. कण्हेरीचं पान म्हणजे दोन्हीकडून तासलेली बांबूची कामटी, हेही तुझंच.

आणि तो पंजा. कापसाच्या पानासाठी मी वाचलं, उघडलेल्या हातासारखं, पाच बोटांचं. तू कापलंस आणि समोर ठेवलंस तर ते पान नव्हतंच. मोहर्रमच्या निशाणावर असतो तो पंजा होता. चिठ्ठी नापास, मी म्हटलं, आणि तो कागद रद्दीच्या टोपलीत टाकायला हात पुढे केला. तू माझं मनगट धरलंस. एवढ्या दिवसांत तू मला पहिल्यांदा हात लावलास. पंजा उचललास, पदराच्या टोकात बांधलास आणि घरी नेलास. दुसऱ्या खेपेला आपण दोघींनी मिळून वर्णन बदललं. बोटं तळाशी जोडलेली आणि मधली सर्वांत लांब, असं लिहिलं.

तू माझ्या याद्यांची टिंगल करायचीस. रोज सकाळी मी दिवसाची कामं कागदावर लिहिते आणि झालेल्या कामावर रेघ मारते, हे दाईनं तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "बाई, तुमी मरसान तवा बी आधी यादी करसान." मी म्हटलं, करीन, आणि त्यात तुझं नाव पहिलं लिहीन, कागद कापायला. आपण दोघी हसलो होतो. ती वेळ माझ्यावर येईल असं दोघींनीही धरलं होतं. तुझ्यावर येईल हे कोणाच्या ध्यानात नव्हतं.

माघात एकोणचाळीस चिठ्ठ्या पास झाल्या. चाळिसावी कडुनिंबाची होती, तिरप्या तळाच्या पानाची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण सोपी वाटत होती. त्या दिवशी तू यायच्या आधी मी सगळे कापलेले कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि प्रत्येकाशेजारी वहीत दाबलेलं खरं पान ठेवलं. साहेबांना पाठवण्याआधी एकदा पडताळून घ्यावं, एवढाच हेतू. आणि मला ते दिसलं. तुझ्या प्रत्येक कागदाच्या मधोमध घडी होती. घडी घालून कापलेल्या कागदाच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येणारच, ताबुताच्या जाळीला तसंच लागतं. पण शेजारचं एकही खरं पान दोन्हीकडून सारखं नव्हतं. पळसाच्या तीन पानांतली बाजूची दोन तर उघड वाकडी. म्हणजे आपली परीक्षाच घडीच्या आत झाली होती. जे पान घडीत बसत नाही त्याचं वर्णन चुकलं की बरोबर, हे आपल्याला कधी कळलंच नसतं. सहा महिन्यांचं काम, आणि मी बसून पास-पास लिहीत होते.

तू आलीस तेव्हा मी रागावलेली होते. राग माझा माझ्यावर होता, पण तू समोर होतीस. मी चिठ्ठी वाचली. तळाशी एक बाजू खाली उतरलेली, दुसरी वर राहिलेली. तू घडी घातलीस, कापलंस. दोन्ही बाजू सारख्या. पुन्हा वाचलं, पुन्हा सारख्या. तिसऱ्यांदा मी म्हटलं, घडी घालू नकोस, उघडा कागद काप. तू कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवलास. मग म्हणालीस की घडी नसली तर कात्री भटकते. मी म्हटलं, भटकायला काय झालं, मुली कापतात. तू वहीखालचं पान मागितलंस. मी दिलं नाही, रीत मोडते म्हणून. तेव्हा तू पुन्हा घडी घातलीस.

आणि मी ते वाक्य बोलले. हमीदा, तू बघतच नाहीस. तुला बघायचंच नसेल तर हे काम कशाला घेतलंस?

मी मुलींवर ओरडते त्या आवाजात बोलले होते. तू कात्री फडक्यात गुंडाळलीस. ओसरीवर पडलेले कागदाचे तुकडे नेहमीप्रमाणे स्वतः गोळा केलेस, हातानं चाचपत, एकेक. मग उभी राहिलीस आणि शांतपणे म्हणालीस, "तुमी पाहाता ना बाई. बस झालं मंग."

तू गेलीस. खांबाला हात लावलास, मग भिंतीला, मग फाटकाला. मी बघत होते. मला वाटलं, रागानं सावकाश चालली आहे.

त्यानंतरचे सहा आठवडे मला लिहायला नको वाटतात, पण लिहिते, कारण तुझ्याखेरीज कोणाला सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या कागदावर लिहिलं, हमीदाकडे जाणे. त्या दिवशी जमलं नाही. परीक्षांचे कागद होते, ते तिसऱ्या दिवसावर गेलं. मग पुढच्या आठवड्यावर. माझ्या कागदावर काम राहिलं की मी ते पुढच्या तारखेवर पुन्हा लिहिते, विसरू नये म्हणून. अकरा वेळा लिहिलं मी ते. तुझ्या दारापर्यंत जायला दोनशे पावलं पुरी होत नाहीत. जायचं आणि काय म्हणायचं, हे ठरत नव्हतं. चूक माझ्या रीतीची होती हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. ते तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचं, एवढंच काम होतं.

चाळिसावी चिठ्ठी कोरी ठेवून मी यादी नागपूरला पाठवली.

फाल्गुनातल्या एका सकाळी दाई उशिरा आली. हमीदाबी गेली, म्हणाली. नऊ दिवस ताप होता. काल दुपारीच मातीही झाली. मी त्या दिवशीचा कागद घेतला होता, त्यावर पहिल्या ओळीत तुझं नाव होतं. मी त्यावर रेघ मारू शकले नाही आणि ते दुसऱ्या दिवसावरही नेऊ शकले नाही.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अशी. बायका बसल्या होत्या. तुझी लेक झुबेदा मला ओळखून उठली, तिनं सतरंजीवर जागा केली. मी तिला म्हटलं, अम्मी माझ्यावर रागावून गेली होती. शेवटी काही बोलली का? ती म्हणाली, नाही, रागावली नव्हती, रोज पानांचंच बोलायची, कडुनिंबाची डहाळी उशाशी मागून घेतली होती. मग मीच म्हटलं, मी तिला नको ते बोलले, तू बघत नाहीस असं बोलले.

"अम्मीले कुठं दिसत होतं बाई?" झुबेदा म्हणाली. "मागच्या मोहर्रमपासून नुस्तं धुकं होतं तिच्या डोयात. तुमाले म्हाईत नव्हतं?"

मी म्हटलं, नव्हतं. तिला खरं वाटलं नाही. मग तिनं हळू आवाजात सांगितलं की अम्मीनं सगळ्यांना बजावलं होतं, बाईला कळू द्यायचं नाही. का, ते झुबेदानं तुझ्याच शब्दांत सांगितलं. "म्हने, बाईले सांगतलं तं थे लगेच कागद काढन. मले दवाखान्यात नेईन, अन् पानाचं काम दुसऱ्या कोनाले देईन."

बाकीच्या बायकांपैकी एक-दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. त्यांना माझ्या याद्या माहीत होत्या. हमीदा, मलाही हसू आलं, आणि ते कुठल्या कुठे गेलं, कारण ते अगदी खरं होतं. मी तसंच केलं असतं. पहिल्या ओळीत तुझे डोळे, दुसऱ्या ओळीत दवाखाना, तिसऱ्या ओळीत पानांसाठी नवी बाई. तिन्ही कामं आठवड्यात उरकली असती आणि मी समाधानानं रेघा मारल्या असत्या. तू मला नीट ओळखलं होतंस. मी तुला ओळखलं नव्हतं.

आता सगळं दिसतं. रात्रंदिवस तेच दिसतं. चिठ्ठी पास झाल्यावर मी पान हातात दिलं की तू ते डोळ्यांजवळ नेत नसायचीस, ओठांवरून फिरवायचीस, आणि मला वाटायचं, काय लाडिक सवय आहे. ओसरीच्या पायऱ्या तू मोजून उतरायचीस. हिरवा की पिवळा कागद, असं मी विचारलं की कोनताबी द्या म्हणायचीस. एकदा मी कोरी चिठ्ठी पुढे करून ही ठेव म्हटलं तर तुझा हात तिच्या वीतभर अलीकडे थांबला होता. मुलींना मी शिकवते की निसर्गपाठात पहिलं काम डोळे उघडे ठेवण्याचं. समोर, एका हातावर, सहा महिने तू बसलीस. अंगठा घडीवर का असतो हे मला एकदा विचारावंसं वाटलं नाही. ती घडी तुझ्यासाठी ताबुताची सवय नव्हती, आधार होता. तेवढी एक कड तुला बोटानं कळत होती, आणि तीच मी तुझ्याकडून काढून घ्यायला निघाले होते.

पण एक गोष्ट तुला सांगायची राहून जाईल म्हणून इथेच सांगते. त्या एकोणचाळीस चिठ्ठ्या खोट्या नाहीत. मी त्या रात्री तुझ्या घरून येऊन सगळे कागद पुन्हा पानांशेजारी मांडले. बाजू सारख्या आहेत, हे खरं. बाकी सगळं बरोबर आहे, टोक, खाच, दाते, रुंदी कुठे आणि निमुळतं कुठे. तू ते माझ्या यादीतल्या एकाही शब्दाची मदत न घेता, डोळ्यांची तर नाहीच, नुसत्या सांगण्यावरून कापलं होतंस. वादात तू बरोबर होतीस. सांगणं पुरतं. ज्याला पान दिसत नाही त्यालाही पुरतं. हे कबूल करायला मी आले असते, हमीदा. बारावी वेळ लिहिलं असतं तर नक्की आले असते, असं म्हणवत नाही. पण यायचं होतं.

काल साहेबांचं पत्र आलं. यादी पसंत आहे. चाळिसाव्या चिठ्ठीसाठी कचेरीनं स्वतःच शब्द सुचवला आहे, विषमतल. तो भरून, खाली दोन ओळी लिहून परत पाठवा, छपाई अडली आहे. शब्द वाईट नाही. पूर्वीची मी असते तर टपाल निघायच्या आत पाठवला असता. मी त्यांना लिहिलं की शब्द ठेवावा, हरकत नाही, पण खालच्या दोन ओळी अजून तपासलेल्या नाहीत, आणि तपासल्याशिवाय मी पाठवणार नाही. किती दिवस लागतील ते लिहिलं नाही. मी आजवर कचेरीला तारीख न घालता काही लिहिलेलं नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर ओसरीवर बसले. तुझ्या खांबाशी कोणी नव्हतं, तरी मी त्या बाजूला तोंड करून बसले. झाडाखाली कात्रीसारखा आवाज येतो आहे असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा मी वर बघितलं, दोन्ही वेळा सुकी पानं होती. मग मी डोळे मिटले आणि डहाळीवरचं एक पातं बोटांनी धरलं. माझ्या आधीच्या चिठ्ठीत एक बाजू खाली, एक वर असं होतं. ते डोळ्यांचं सांगणं होतं. तुला त्याचा काय उपयोग? म्हणून नव्यानं सांगते. वही बाजूला ठेवली आहे, पान झाकलेलं नाही, हातात घे.

डावा अंगठा देठावर ठेव. देठ अगदी आखूड आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तिथून एका बाजूला बोट ने. कड लगेच सुरू होते आणि भरल्या गालासारखी बाहेर फुगते. आता मागे ये, पुन्हा देठावर. दुसऱ्या बाजूला बोट ने. इथे कड लगेच लागत नाही. जोंधळ्याच्या दाण्याएवढी नुसती शीर लागते, मग कड, आणि ती फुगत नाही, चिंचोळी होऊन तिरपी वर जाते. दोन्ही कडांना करवतीचे बारीक दाते आहेत, बोट वर नेलंस तर टोचत नाहीत, खाली आणलंस तर लागतात. अर्ध्यावर गेलीस की पूर्ण पातं एका अंगाला वळतं, विळ्यासारखं, फुगलेली कड बाहेरच्या अंगाला. वळत वळत बारीक होतं आणि संपतं. घडी घालायची जागा यात कुठेच नाही, म्हणून कडेवर बोट ठेव आणि बोटाच्या मागून कात्री येऊ दे.

घाई नाही. मी बसले आहे.